ट्रान्सपोर्टरच्या चाचण्या बाहेरून करून घेतल्या, त्याचा अनुभव

गेल्या सहा महिन्यांत चार जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, "तुम्ही ट्रान्सपोर्टरच्या टेस्ट कुठे करून घेतल्या? लॅब कशी आहे?" चौघंही आमच्यासारख्याच, नवीन औषधं शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांतले. हातात एखाद-दुसरा रेणू, पैसे मोजके आणि ठराविक तारखेला गुंतवणूकदारांसमोर उभं राहायचं. प्रत्येक वेळी पाऊण तास बोलणं होतं आणि तरी निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून आता एकदाच नीट लिहून काढते.

लॅबचं नाव मात्र लिहिता येणार नाही. करारात गोपनीयतेचं कलम आहे आणि ते मी पाळणार आहे. हैदराबादच्या बाजूची, मध्यम आकाराची लॅब आहे आणि तिच्याकडून आम्ही नऊ ट्रान्सपोर्टरचं, म्हणजे औषधांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांचं, पॅनल (चाचण्यांचा संच) करून घेतलं, एवढं पुरे. माझं मत थोडक्यात हवं असेल तर: काम चांगलं आहे, माणसं खरी आहेत, पण रिपोर्टचं पहिलं पान वाचून फाइल मिटणाऱ्याची फसगत होईल. आमची होता होता राहिली.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोटात गेलेली गोळी विरघळते आणि रक्तात मिसळते, इतकं सरळ ते नसतं. आतडं, यकृत, मूत्रपिंड, मेंदूच्या रक्तवाहिन्या, सगळीकडे पेशींच्या पडद्यात काही प्रथिनं बसलेली असतात. काही औषधाला आत ओढतात, काही आत आलेलं औषध पुन्हा बाहेर फेकतात. हेच ट्रान्सपोर्टर. एका औषधानं असं एखादं प्रथिन अडवून धरलं, की त्याच वाटेनं जाणारं दुसरं औषध रक्तात साचत जातं किंवा जिथे पोचायला नको तिथे पोचतं. नवीन औषध माणसाला देण्यापूर्वी किंवा निदान चाचण्या पुढे सरकण्यापूर्वी हे काचेच्या भांड्यात तपासून घ्यावं लागतं. मे २०२४ मध्ये आयसीएचची, म्हणजे औषधांचे निकष देशोदेशी एकसारखे करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, एम-१२ ही मार्गदर्शिका पक्की झाली. त्याआधी अमेरिकेचे निकष वेगळे, युरोपचे वेगळे, अशी कसरत असायची. आता नऊ नावांची यादी सगळ्यांना एकच: पी-जीपी, बीसीआरपी, ओएटीपी-१बी१, ओएटीपी-१बी३, ओएटी-१, ओएटी-३, ओसीटी-२, मेट-१ आणि मेट-२के.

हे घरच्या घरी का नाही केलं, असंही लोक विचारतात. आम्ही पाषाणला सहा माणसं आहोत. सेल्स, म्हणजे चाचणीच्या पेशी, मिळवणं अवघड नाही, त्या वर्षभर एकसारख्या सांभाळणं अवघड आहे. कॅको-२ सेल्स माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या आहेत. बारीक छिद्रांच्या पडद्यावर त्या पेरल्या की २१ दिवसांत त्यांचा एकसंध थर तयार होतो, अगदी आतड्याच्या अस्तरासारखा. त्या २१ दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी मीडियम (सेल्सचं पोषक द्रव) बदलायचं, मग रविवार असो की दिवाळी. एकदा बुरशी लागली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक ट्रान्सपोर्टरची वेगळी सेल लाइन, तिचे वेगळे कंट्रोल (माहीत असलेल्या औषधांवरची पडताळणी), आणि शेवटी औषध किती आहे ते मोजणारं एलसी-एमएस यंत्र. सहा माणसांच्या कंपनीला हे झेपत नाही. झेपतं असं म्हणणाऱ्यांचा डेटा मी पाहिला आहे.

तर पॅनल ठरलं आणि आम्ही पाच मिलिग्रॅम पावडर कुरिअरनं पाठवली. पाच मिलिग्रॅम पुरेल असं त्यांनीच लेखी सांगितलं होतं. ते का पुरलं नाही, ते पुढे येईलच.

पहिला रिपोर्ट पी-जीपीचा आला. हे प्रथिन १९७६ मध्ये टोरंटोमध्ये ज्युलियानो आणि लिंग यांना सापडलं, कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींमध्ये. नावातला पी हा पर्मिएबिलिटीचा. आतड्यात ते पोकळीकडच्या बाजूला बसतं आणि आत शिरू पाहणारं औषध परत पोकळीत ढकलतं. चाचणीची कल्पना साधी आहे. सेल्सच्या थरावर एकदा वरच्या बाजूनं औषध घालायचं आणि खाली किती उतरलं ते मोजायचं, मग प्लेटमधल्या दुसऱ्या विहिरीत, म्हणजे छोट्या खळग्यात, खालून घालायचं आणि वर किती चढलं ते मोजायचं. खालून वर जाण्याचा वेग वरून खाली येण्याच्या वेगाच्या दुप्पट किंवा जास्त असेल आणि पी-जीपी अडवल्यावर तो फरक निम्म्यावर किंवा त्याहून खाली येत असेल, तर औषध पी-जीपीचं गिऱ्हाईक, म्हणजेच सबस्ट्रेट. या गुणोत्तराला इफ्लक्स रेशो म्हणतात.

आमचा रेशो आला १.४. रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत निष्कर्ष होता: पी-जीपीचा सबस्ट्रेट नाही. ऑफिसात सगळे खूश झाले. आमच्या संस्थापकांनी तर ती ओळ सादरीकरणात घातलीसुद्धा.

मी मात्र माझ्या सवयीनं शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. सहाव्या पानावर लहान टायपात एक तक्ता होता, त्यात रिकव्हरीचा रकाना. वरून खाली जाणाऱ्या विहिरींमध्ये रिकव्हरी ४१ टक्के. म्हणजे जेवढं औषध घातलं त्यातलं शंभरापैकी एकोणसाठ भाग दोन तासांनंतर ना वर सापडलं ना खाली. ते गेलं कुठे? चिकट, तेलकट रेणू असला की तो प्लास्टिकला चिकटतो, सेल्सच्या आत अडकून बसतो. अशा वेळी खाली उतरलेला आकडा खरा नसतो, वर चढलेलाही नसतो, आणि त्या दोघांच्या भागाकाराला काही अर्थ उरत नाही. शेजारच्याच ओळीत डिगॉक्सिनचा (हे हृदयाचं औषध, पी-जीपीचं ठरलेलं गिऱ्हाईक) कंट्रोल अगदी व्यवस्थित होता. डिगॉक्सिनचा रेशो भरपूर मोठा, इनहिबिटर, म्हणजे पी-जीपीला अडवणारा पदार्थ, घातल्यावर तो एकच्या जवळ, रिकव्हरी नव्वदच्या वर. म्हणजे सेल्स ठणठणीत होत्या, पी-जीपी काम करत होतं. पण कंट्रोल पास झाला म्हणून आपला रेणू पास होत नाही. तो निष्कर्ष त्या पानावर तसा ठळक छापायलाच नको होता. ही माझी या लॅबबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती मी त्यांनाही स्पष्ट शब्दांत कळवली.

त्यांचं पहिलं उत्तर बिझनेस डेव्हलपमेंटच्या माणसाकडून आलं. चाचणी मान्य प्रोटोकॉलप्रमाणे झाली आहे, पुन्हा करायची असेल तर वेगळं कोटेशन पाठवतो. मला राग आला. बायरॅकच्या, म्हणजे जैवतंत्रज्ञान कंपन्यांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अनुदानातला पैसा होता, एकेका रुपयाचा हिशोब द्यायचा असतो. एका ट्रान्सपोर्टरचा खर्च म्हणजे आमच्या ज्युनियर सायंटिस्टचा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. मी ईमेल लिहीत बसले नाही. दुसऱ्या दिवशी शताब्दी पकडली आणि थेट सिकंदराबाद गाठलं.

या भेटीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण लॅबबद्दलचं माझं मत तिथे बनलं.

स्टडी डायरेक्टर पन्नाशीचे गृहस्थ, शांत बोलणारे. मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी रिकव्हरीच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि मी काही म्हणायच्या आत म्हणाले, "मॅडम, हे मी सही करण्याआधी बघायला हवं होतं." सबबी नाहीत, प्रोटोकॉलचा आधार नाही. फेरचाचणी त्यांच्या खर्चानं होईल हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मग तासभर आम्ही पांढऱ्या फळ्यासमोर उभे राहून काय बदलायचं ते ठरवलं. औषध उतरतं त्या बाजूच्या बफरमध्ये (चाचणीच्या द्रावणात) एक टक्का बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन, घालायचं, म्हणजे पलीकडे पोचलेलं औषध प्लास्टिकला न चिकटता अल्ब्युमिनला धरून राहील. प्लेट कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या वापरायच्या. कॅको-२ऐवजी माणसाचं पी-जीपी भरपूर बनवणाऱ्या एमडीसीके सेल्स घ्यायच्या. १९५८ मध्ये एका कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशींचा हा वंश आहे आणि त्यांचा थर २१ दिवसांऐवजी पाच दिवसांत तयार होतो. शिवाय शेवटी सेल्स फोडून आत किती औषध अडकलं तेही मोजायचं.

नंतर त्यांनी मला कल्चर रूमच्या काचेपलीकडून काम दाखवलं. एक मुलगी थराची विद्युत-रोधकता मोजत होती. दोन टोकांचं इलेक्ट्रोड असतं, चिमट्यासारखं, एक दांडी लांब आणि एक आखूड. आखूड दांडी वरच्या कप्प्यात, लांब दांडी खालच्या. सेल्सचा थर एकसंध असेल तर आकडा मोठा येतो, कुठे भोक असेल तर घसरतो. ती प्रत्येक विहिरीत इलेक्ट्रोड सरळ उभं धरायची, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायची, लिहायची, मग पुढची. चोवीस विहिरी. एका विहिरीपाशी ती थांबली, पुन्हा मोजलं, प्लेट दिव्याखाली तिरकी करून गुलाबी मीडियममधून खाली पाहिलं आणि त्या विहिरीच्या झाकणावर काळ्या पेननं फुली मारली. ती विहीर प्रयोगातून बाद.

बाहेर आल्यावर ती चक्क मराठीत बोलायला लागली. मूळची देगलूरची, शिक्षण नांदेडला. मी विचारलं, फुली का मारली, आकडा तर मर्यादेच्या वरच होता. ती म्हणाली, "ताई, आकडा बसत होता, पण बाजूच्या सगळ्या विहिरींपेक्षा बराच कमी होता. दांडी घालताना पडद्याला टोक लागलं असणार. अशी विहीर ठेवली की शेवटी सरासरी बिघडते आणि मग कुणालाच कळत नाही कशामुळे." पगार कुणाला किती असेल ते असो, त्या लॅबचा खरा दर्जा मला त्या फुलीत दिसला.

फेरचाचणीचा निकाल अडीच आठवड्यांनी आला. रिकव्हरी ८६ टक्के. इफ्लक्स रेशो ६.८. झोसुक्विडार हा पी-जीपीचा इनहिबिटर घातल्यावर तोच रेशो १.१. म्हणजे आमचा रेणू पी-जीपीचा सबस्ट्रेट आहे, आणि चांगला तगडा आहे. सादरीकरणातली ती ओळ काढावी लागली. बरं झालं. गुंतवणूकदारांना आज वाईट बातमी सांगणं परवडतं, दोन वर्षांनी रुग्णांवरच्या चाचणीत ती सापडणं परवडत नाही.

मी या एका आकड्यामागे इतकी का लागले, ते सांगायचं तर आत्याबद्दल लिहावं लागेल. सांगलीची माझी आत्या, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून कित्येक वर्षं रोज डिगॉक्सिन घ्यायची, रोजच्या चहासोबत, कधी काही झालं नाही. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला. दुसऱ्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला मळमळायला लागलं, जेवण जाईना. कफामुळे असेल म्हणून सगळे गप्प बसले. मी शनिवारी भेटायला गेले तर ती खिडकीकडे बघत मला म्हणाली, "अगं, हे पडदे पिवळे कधी आणलेत यांनी?" पडदे पांढरे होते, धुऊन धुऊन विरलेले.

डिगॉक्सिन रक्तात जास्त झालं की माणसाला जग पिवळं दिसतं, हे मी बी.फार्मला वाचलेलं. त्याच संध्याकाळी रक्त तपासायला दिलं, पातळी विषारी मर्यादेच्या वर निघाली. क्लॅरिथ्रोमायसिन पी-जीपीला अडवतं. आतड्यातून जे डिगॉक्सिन परत फेकलं जायचं ते आत येत राहिलं, मूत्रपिंडातून जे बाहेर पडायचं ते अडकलं. डोस तोच, गोळी तीच, फक्त एक वाट बंद झाली होती. दोन्ही गोळ्या थांबवल्या, आत्या दवाखान्यात चार दिवस राहून घरी आली. त्यानंतर ती पुढे बरीच वर्षं जगली. पण त्या दिवसापासून इफ्लक्स रेशोचा तक्ता माझ्यासाठी नुसता तक्ता राहिला नाही.

या क्षेत्रात अशा गोष्टी अनेकदा अपघातानंच कळल्या आहेत. आम्सटरडॅमला शिंकेल आणि सहकाऱ्यांनी पी-जीपीचं जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले होते. त्यांना गोचिडीसारख्या किड्यांचा त्रास झाला म्हणून आयव्हरमेक्टिन फवारलं, तर ते उंदीर पटापट मेले. साध्या उंदरांना काही झालं नाही. आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरू न देणारं पी-जीपीच होतं, हे त्यातून समजलं. ते संशोधन १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे अपघाताची वाट बघायची वेळ येऊ नये, यासाठीच तर या चाचण्या.

आता बाकीच्या पॅनलकडे वळते. बीसीआरपी, ओएटी-१ आणि ओएटी-३ यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, निकाल स्वच्छ आले आणि वेळेत आले.

ओएटीपी-१बी१ बद्दल मात्र लॅबचं मनापासून कौतुक करायचं आहे. हे प्रथिन यकृताच्या पेशींवर असतं आणि रोसुवास्टॅटिन, अॅटोर्वास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची औषधं रक्तातून यकृतात ओढून घेतं. ते अडलं की स्टॅटिन रक्तात वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. सेरिवास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावं लागलं, त्यात ते जेमफायब्रोझिल या रक्तातली चरबी कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाबरोबर घेणारे रुग्ण विशेष संकटात सापडले होते. जेमफायब्रोझिलपासून शरीरात बनणारा ग्लुक्युरोनाइड ओएटीपी-१बी१लाही अडवतो आणि सेरिवास्टॅटिन मोडणाऱ्या सीवायपी-२सी८ या एन्झाइमलाही. दोन्हीकडून कोंडी.

या चाचणीत एक बारकावा आहे जो स्वस्तातल्या लॅब टाळतात. काही इनहिबिटर प्रथिनाला लगेच पूर्ण ताकदीनं अडवत नाहीत, त्यांना आधी थोडा वेळ सेल्सबरोबर राहू द्यावं लागतं. सायक्लोस्पोरिन या औषधाचं हे प्रसिद्ध उदाहरण. म्हणून एम-१२ सांगतं, की आधी किमान तीस मिनिटं इनहिबिटर घालून ठेवा, मग स्टॅटिन घाला. या लॅबनं आम्ही न मागता दोन्ही प्रकारे केलं, शेजारी शेजारी. थेट घातल्यावर आमचा आयसी-५०, म्हणजे प्रथिनाचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा, आला ४.१ मायक्रोमोलर. तीस मिनिटं आधी ठेवल्यावर ०.९. यकृताच्या दाराशी आमच्या औषधाची मुक्त मात्रा जास्तीत जास्त ०.२ मायक्रोमोलर असेल असा आमचा अंदाज आहे. पहिल्या आकड्यानं भागलं तर गुणोत्तर ०.०५ च्या आसपास, म्हणजे ०.१ च्या मर्यादेखाली, काळजी नाही. दुसऱ्यानं भागलं तर ०.२२, म्हणजे माणसांवर स्टॅटिनबरोबरची चाचणी करावी लागू शकते. एका अर्ध्या तासानं निर्णय फिरला. दुसऱ्या कुठल्या लॅबचं कोटेशन यापेक्षा कमी आलं, तर त्यात हा अर्धा तास आहे का ते आधी विचारा.

ओसीटी-२ आणि मेटच्या बाबतीत आमची थोडी ओढाताण झाली. आमचं औषध ज्या रुग्णांसाठी आहे त्यातले बहुतेक मधुमेही असणार, आणि मधुमेही म्हणजे मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन मूत्रपिंडातून बाहेर पडतं ते ओसीटी-२नं आत ओढल्यावर आणि मेटनं लघवीत सोडल्यावर. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राव्हिर ओसीटी-२ला अडवतं. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तात मेटफॉर्मिनचं एकूण प्रमाण ७९ टक्क्यांनी वाढतं, म्हणून एकत्र देताना मेटफॉर्मिनचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवायला सांगतात. डोल्युटेग्राव्हिरनं क्रिएटिनिनही, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात, थोडं वाढतं, आणि मूत्रपिंड बिघडलेलं नसतं, फक्त क्रिएटिनिनची एक वाट अडलेली असते. हे माहीत नसेल तर चांगल्या औषधावर उगाच बोट ठेवलं जातं.

लॅबच्या यादीत ओसीटी-२साठी एमपीपी-प्लस हे रसायन मापक, म्हणजे ज्याची ने-आण मोजायची तो पदार्थ, होतं. मापक बदलला की त्याच इनहिबिटरचा आयसी-५० बदलू शकतो, आणि ओसीटी-२च्या बाबतीत हे चांगलंच ठाऊक आहे. मला मेटफॉर्मिनच हवं होतं. आमचे रुग्ण एमपीपी-प्लस खाणार नाहीत, मेटफॉर्मिन खाणार आहेत. त्यांनी आढेवेढे घेतले, कारण मेटफॉर्मिनचं एलसी-एमएस जरा किचकट आहे, ते इतकं पाण्यात मिसळणारं की यंत्रातल्या नेहमीच्या कॉलमवर, म्हणजे पदार्थ वेगळे करणाऱ्या नळीत, थांबतच नाही. शेवटी त्यांनी वेगळा कॉलम लावून पद्धत बसवली. आठवडा वाढला, पैसे वाढवले नाहीत.

मेटची चाचणी कशी करतात हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गंमत वाटते. शरीरात मेट औषधाला पेशीतून लघवीत सोडतं आणि त्या बदल्यात प्रोटॉन आत घेतं. चाचणीत त्याला उलटं चालवतात. सेल्सच्या बाहेरचा बफर अल्कधर्मी ठेवायचा, म्हणजे प्रोटॉन आतून बाहेर येतात आणि मेट औषधाला आत ओढतं. आत किती आलं ते मोजणं सोपं असतं. पण बफरचा पीएच थोडा जरी हलला तरी आकडे डळमळतात. आमच्या कंट्रोलचे तिन्ही दिवसांचे आकडे एकमेकांना धरून होते. पायरिमेथामिन या मेटच्या इनहिबिटरनं मेट पूर्ण बंद झालेलं दिसत होतं. इथे मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

आता पाच मिलिग्रॅमबद्दल. आतड्यातल्या पी-जीपीला आणि बीसीआरपीला आमचं औषध अडवेल का, हे ठरवायचा निकष असा: डोस २५० मिलिलीटर पाण्यात, म्हणजे पेलाभर पाण्यात, पूर्ण विरघळला असं धरायचं, आणि त्या मात्रेच्या दहाव्या भागापर्यंत आयसी-५० येतो का ते बघायचं. आमचा अंदाजे डोस ५० मिलिग्रॅम, रेणूभार ४५० च्या आसपास. म्हणजे ४४० मायक्रोमोलर, आणि दहावा भाग ४४. आमचा रेणू बफरमध्ये तीस मायक्रोमोलरच्या वर गढूळ व्हायला लागला. हे त्यांनी चाचणी सुरू करण्यापूर्वी विद्राव्यता बघून आम्हाला फोनवर सांगितलं, ही चांगली गोष्ट. गढूळ द्रावण तसंच वापरून गुळगुळीत वक्र काढून देणाऱ्या लॅबही आहेत. पण विद्राव्यतेच्या या जास्तीच्या फेऱ्यांत पावडर संपली, आणि फेरचाचणीला आम्हाला पुन्हा पाठवावी लागली. आमच्या केमिस्टनं त्यासाठी दोन रात्री काढल्या. सुरुवातीलाच दहा मागितले असते तर हे टळलं असतं.

वेळेबद्दल: चार आठवडे सांगितले होते, सात लागले. त्यातला एक आठवडा मेटफॉर्मिनचा, तो माझ्या हट्टामुळे. उरलेले दोन त्यांचा एक इन्क्युबेटर बिघडल्यामुळे. सेल्सचा अख्खा एक संच टाकून द्यावा लागला. हे त्यांनी त्याच दिवशी कळवलं, तापमानाच्या नोंदीसकट. मला याचा राग नाही. राग आहे तो रिपोर्टच्या मांडणीचा. एका तक्त्यात वर-खालीचे दोन रकाने अदलाबदल झाले होते, आणि ते मूळ आकडे एक्सेलमध्ये मागवल्यावर मला सापडलं. मूळ आकडे मागितल्याशिवाय पाठवत नाहीत, मागितले की त्याच संध्याकाळी येतात. मग सगळ्यांना पहिल्यापासूनच का पाठवू नयेत?

लॅबच्या सेल्स, हात आणि उपकरणं यांना मी पैकीच्या पैकी देईन. रिपोर्टला निम्मे. बिझनेस डेव्हलपमेंटच्या त्या पहिल्या उत्तराला काहीच नाही. आणि त्या स्टडी डायरेक्टरच्या एका वाक्यासाठी मी हा सगळा व्यवहार पुन्हा करेन.

फोन करणाऱ्या चौघांनाही मी हेच सांगितलं, की कोटेशनवर सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: रिकव्हरी सत्तर टक्क्यांच्या खाली आली तर निष्कर्ष छापायचा नाही, ओएटीपीला आधीची तीस मिनिटं द्यायची, मापक आपल्या रुग्णांच्या औषधांतून निवडायचा, आणि मूळ आकडे रिपोर्टबरोबरच यायला हवेत. सत्तरचा आकडा माझा आहे, कुठल्या नियमातला नाही. पण लॅबनं तो मान्य केला, आता त्यांच्या नव्या करारात तो आहे.

आमचा दुसरा रेणू पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेच जातो आहे. पावडर या वेळी पंधरा मिलिग्रॅम, आणि प्लेटवर काम करायला शक्यतो देगलूरची तीच मुलगी असावी, असं मी विनंतीत लिहिलं आहे.